कार्ड हातात, खाट कल्याणात

वृद्धांच्या आरोग्यविम्याचा प्रश्न आता सुटल्यातच जमा आहे, असं ठामपणे सांगणारे लोक अलीकडे वाढले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, तो गरीब असो की श्रीमंत, केंद्र सरकारनं पाच लाखांचं कवच दिलं. महाराष्ट्रानं त्याच्याही आधी पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्या कुटुंबांना महात्मा फुले योजनेत घेतलं. खासगी पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. नवी पॉलिसी घ्यायला पासष्टीची अट होती, तीही गेली. विमा नियामकानं ज्येष्ठांच्या हप्त्यातली वाढ वर्षाला १० टक्क्यांवर रोखली. एवढं सगळं झाल्यावरही हप्ता वाढला म्हणून तक्रार करणाऱ्यांनी समजून घ्यावं की म्हातारपणी आजार वाढतात, तेव्हा हप्ताही वाढणारच. ज्याला तो झेपत नाही त्यानं कार्ड काढावं.

यातली प्रत्येक माहिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे समजायला कसाऱ्याला यावं लागेल.

कसारा हे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. पुढं थळ घाट. शहापूर तालुक्यातली तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं मुंबईला पाणी पुरवतात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. शेजारचा मुरबाड तालुका माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे आणि तिथं अजून रेल्वे पोचलेली नाही. या दोन तालुक्यांत वृद्ध माणूस दोन वेगळ्या परिस्थितींत राहतो. एक आहे वासिंदच्या किंवा मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून, एसटीतून, एखाद्या पतपेढीतून निवृत्त झालेला. त्यानं कधीतरी मेडिक्लेम घेतलेली असते. दुसरा किंवा दुसरी म्हणजे पाड्यावरची ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आजी, नाहीतर भातशेती करणारा कुणबी आजोबा; त्यांच्यासाठी कार्ड आहे. पहिल्याला हप्ता बाहेर ढकलतो, दुसऱ्याला अंतर. सुटलेला प्रश्न म्हणतात तो या दोघांपैकी कुणाचा?

आधी हप्त्याचं बोलू. ‘म्हातारपणी आजार वाढतात म्हणून हप्ता वाढतो’ हे वाक्य निसर्गनियम सांगावा तसं सांगितलं जातं. आजार वाढतात हे खरंच. पण त्या आजारांचा खर्च त्या म्हाताऱ्याच्याच माथी मारायचा की सगळ्या वयांत वाटून घ्यायचा, हे माणसं ठरवतात, आणि जगात ते वेगवेगळ्या तऱ्हेनं ठरवलेलं आहे. ऑस्ट्रेलियात खासगी विमा कंपनीलाही वय झालं म्हणून जुन्या ग्राहकाकडून जास्त हप्ता घेता येत नाही. तिशीनंतर उशिरा शिरणाऱ्यावर मात्र जादा भार पडतो. जर्मनीत सार्वजनिक आरोग्यविम्याची वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असते. तिथल्या खासगी विमा कंपन्यांना तर तरुण ग्राहकाच्या हप्त्यातून त्याच्याच म्हातारपणासाठी राखीव निधी साठवत जावं लागतं.

आपल्याकडे काय होतं? सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणली तेव्हापासून आरोग्य पॉलिसी हा वर्षावर्षाचा करार आहे. पस्तिशीत पॉलिसी घेऊन पंचवीस वर्षं एकही दावा न करणाऱ्या माणसाचे पैसे त्या त्या वर्षीच्या दाव्यांत, कमिशनांत आणि नफ्यात संपलेले असतात. त्याच्या नावावर म्हातारपणासाठी काही साठलेलं नसतं. दावा न केल्याबद्दल विम्याची रक्कम थोडी वाढवून मिळते, एवढंच. साठीला त्याचा पगार थांबतो आणि त्याच सुमारास हप्त्याचा टप्पा वर सरकतो. ज्या वयासाठी तो इतकी वर्षं भरत आला, त्याच वयात पॉलिसी सोडायची वेळ त्याच्यावर येते.

आपल्याच देशात याच्या उलट एक व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कामगार राज्य विमा योजनेत पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा मिळत राहते. महिन्याला नव्हे, वर्षाला. तरुण कामगारांच्या वर्गणीतून वृद्ध कामगाराचा उपचार होतो. सामाजिक विमा चालतो तो असा. मुरबाडच्या कारखान्यांतल्या कंत्राटी माणसाची पाच वर्षं अशी कागदावर येत नाहीत, तो भाग वेगळा; त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण वृद्धाला स्वस्तात विमा देणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यानं आधी या १२० रुपयांचं उत्तर द्यावं.

आता करमाफी आणि १० टक्क्यांची मर्यादा. साठी उलटलेल्या एखाद्या जोडप्याचा मूळ हप्ता ४०,००० रुपये धरू. १८ टक्के करासह ते ४७,२०० भरत होते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवर कर शून्य झाला, म्हणजे ७,२०० रुपये वाचले. छान झालं, तो कर मुळात लावायलाच नको होता. पण नियामकाच्या मर्यादेत राहूनही कंपनीनं हप्ता वाढवला, तर पहिल्या नूतनीकरणाला तो ४४,००० होतो आणि दुसऱ्याला ४८,४००. दोन वर्षांत सगळी करमाफी खलास. आठ वर्षं असंच चाललं तर हप्ता ८५,००० च्या वर जातो. दहा टक्के ऐकायला लहान वाटतात, पण चक्रवाढीनं आठव्या वर्षी दुपटीला मागं टाकतात. वृद्धाचं उत्पन्न त्या वेगानं वाढत नाही. कामगारांच्या ईपीएस-९५ या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढीच मिळणाऱ्या माणसाची वर्षाची पेन्शन १२,००० आणि हप्ता ४०,०००. त्यानं भरायचं कुठून?

शिवाय या मर्यादेचा ३० जानेवारी २०२५चा आदेश नीट वाचावा. दहा टक्क्यांच्या वर जायचं असेल तर कंपनीनं आधी नियामकाशी विचारविनिमय करावा, असं त्यात आहे. याला मनाई म्हणता येत नाही. वयोमर्यादा गेली याचाही अर्थ इतकाच की दार उघडं ठेवायला परवानगी मिळाली. आत घेताना किती पैसे मागावेत, आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावावं का, हे अजून कंपनीच्याच हातात आहे.

हप्ता वाढतो तेव्हा निदान तो डोळ्यांना दिसतो. लाभ कमी होतात ते मात्र बिल हातात येईपर्यंत कळत नाहीत. ज्येष्ठांच्या कित्येक पॉलिसींत दाव्याचा काही हिस्सा रुग्णानंच भरायचा अशी अट असते. मोतीबिंदूला, गुडघ्याला वेगळी कमाल रक्कम असते. खोलीभाड्याची मर्यादा तर सर्वांत जास्त फसवते. मर्यादा दिवसाला ३,००० रुपयांची, आणि रुग्णालयात ६,००० ची खोलीच शिल्लक. तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च हेही त्याच प्रमाणात निम्मे कापले जातात. आसनगावहून रात्री ठाण्याला नेलेल्या, छातीत दुखत असलेल्या माणसाच्या मुलानं खोलीचा दर विचारावा अशी अपेक्षा कुणी करू नये. आणि एखादी जुनी पॉलिसी कंपनी बंद करते, दुसरीत जा म्हणते, तेव्हा नव्या पॉलिसीच्या पानोपानी छापलेल्या अटी सत्तरीचा माणूस कुणाकडून समजून घेणार? विमा लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, हे तरी त्याला कोण सांगतं?

‘मग सरकारी कार्ड आहे की,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. या उत्तराचा मान ठेवून बोललं पाहिजे, कारण कार्ड ही खरोखर मोठी गोष्ट आहे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे जिल्हा दुसऱ्या टप्प्यात, नोव्हेंबर २०१३मध्ये आला. तेव्हा कवच दीड लाखाचं होतं. पुढं योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं, १ जुलै २०२४पासून कवच पाच लाखांचं झालं आणि उत्पन्नाची अट गेली. २९ ऑक्टोबर २०२४ला सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. या कार्डांवर माणसं वाचली आहेत. ज्या घरात बापाच्या ऑपरेशनसाठी बैल विकले गेले असते, तिथं ते विकावे लागले नाहीत. कार्ड बंद करा असं या लेखात कुठंही म्हटलेलं नाही.

पण रकमेचंच पाहा. दीड लाखाचा आकडा २०१२ ते २०२४ अशी बारा वर्षं जागचा हलला नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेचे पाच लाख २०१८चे आहेत आणि आजही पाचच लाख आहेत. दवाखान्यांचे दर त्या काळात थांबून राहिले का? नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर तेच पाच लाख दोघांत वाटून घ्यायचे. कंपनीला निदान दहा टक्के वाढीची मुभा आहे. कार्डावरच्या रकमेला वाढीचा कुठलाच नियम नाही.

वयाचीही एक अडचण आहे. पाड्यांवरच्या जुन्या माणसांची जन्मनोंद कुठं नसते. आधारच्या शिबिरात अंदाजानं वर्ष लिहिलं गेलं आणि तारीख पडली १ जानेवारी. वय वंदना कार्ड आधारवरच्याच वयावर मिळतं. तेव्हा नातवंडांची लग्नं झालेली आजी कागदावर चौसष्टची असू शकते. राज्याच्या योजनेत ती कुटुंबाबरोबर असते, हे खरं. पण सत्तरीपुढच्यांना स्वतंत्र मिळणारे पाच लाख तिच्यासाठी नाहीत. आणि ज्या हातांनी आयुष्यभर लावणी केली, मोळ्या बांधल्या, त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण तिला नेटवर्क लागतं.

इथवरचं सगळं दुरुस्त करता येईल. मुख्य गोष्ट पुढं आहे.

कार्ड पैसे देतं ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारासाठी, यादीतल्या रुग्णालयात. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस आयुष्मान कार्डात धरलेले आहेत. म्हातारपणाचा आजार तसा नसतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, गुडघे, अर्धांगवायूनंतरचा लुळा हात: यांचा खर्च रोजचा आणि मरेपर्यंतचा असतो. हृदयात स्टेंट बसवण्याचा खर्च हे कार्ड उचलेल. सोळाव्या दिवसापासून रोज घ्यायच्या गोळ्यांचा उचलणार नाही. आणि त्या गोळ्या चुकल्या तर स्टेंटवर केलेला खर्च वाया जाऊ शकतो. सरकार मोठी रक्कम भरायला तयार असतं आणि छोटी भरत नाही म्हणून मोठी पुन्हा भरावी लागते, असा हा हिशेब आहे.

यावर कुणी म्हणेल, १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, गोळ्या तिथून घ्याव्यात. बरोबर. कसाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, खर्डीला आणि टोकावड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि आशा यांच्यावर बोट ठेवणं अन्यायाचं होईल. पण कसारा, खर्डी, डोळखांब, टोकावडे, धसई यांपैकी कुठंही अँजिओप्लास्टी होत नाही, कर्करोगाचं रेडिएशन होत नाही, मेंदूतला रक्तस्राव थांबवणारी शस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी कल्याण, ठाणे, मुंबई, नाहीतर घाट चढून नाशिक. कसाऱ्याहून कल्याण रेल्वेनं सदुसष्ट किलोमीटर आहे. मुरबाडच्या दुर्गम पाड्यावरून तर आधी डोली, मग जीप, मग अॅम्ब्युलन्स. पाच लाखांच्या कवचातून यातलं काय मिळतं? सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरीही बुडते. रोजगार हमीचा दर २०२५-२६मध्ये दिवसाला ३१२ रुपये धरला, तरी दहा दिवसांचे ३,१२० झाले. म्हणजे आजीला श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात, त्याच्या दोन महिन्यांच्या रकमेहून जास्त. उपचार फुकट आणि घर तरीही कर्जात, हे असं होतं. मग पुढच्या वेळी आजी स्वतःच म्हणते, राहू दे, बरं वाटतंय आता.

ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. सगळ्या महाराष्ट्राला हादरा बसला. महापालिका आयुक्तांनी तेव्हा दिलेल्या माहितीनुसार त्यांतले तिघं शहापूरचे होते, आणि अठरापैकी बारा जण पन्नाशी उलटलेले. ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलेलं होतं आणि कळव्यावर रुग्णांचा भार वाढलेला होता. बरेच रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर आणले गेले, असं प्रशासनानं सांगितलं. ते मान्य करू. पण मग पुढचा प्रश्न तिथंच विचारायला हवा होता आणि तो कुणी लावून धरला नाही: शहापूरचा माणूस कळव्यापर्यंत पोचतो तो अत्यवस्थ होऊनच का? मधल्या अंतरात त्याला थांबवून वाचवू शकेल असं काय उभं केलं आहे? विम्याची रक्कम पाचाची दहा लाख केली असती तरी त्या दिवशी कळव्यात एक खाट वाढली नसती.

विम्यानं मागणी तयार होते, तिच्या मागं रुग्णालयं आपोआप उभी राहतात, असाही एक सिद्धांत सांगितला जातो. शहरात काही प्रमाणात तसं झालं असेल. खासगी रुग्णालय जिथं रुग्ण दाट आणि पैसे वेळेवर मिळतात तिथं जातं. सरकारी योजनेचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत की काय होतं, ते हरियाणात दिसलं. तिथल्या खासगी रुग्णालयांनी ऑगस्ट २०२५मध्ये थकबाकीवरून आयुष्मानचे रुग्ण घेणं थांबवलं. वाशाळ्याच्या किंवा डोळखांबच्या बाजूला कुणी गुंतवणूकदार हृदयरोग केंद्र काढेल या आशेवर सत्तरीच्या माणसाला किती वर्षं बसवून ठेवायचं?

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जातं. माझं उत्तर असं की जे करायला हवं त्यातलं बरंचसं सरकारनं आधीच लिहून दिलेलं आहे. २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा घ्या. त्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांना शक्यतो खाट, त्यांची वेगळी रांग आणि जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी खास सोय सांगितली आहे. २०१०-११मध्ये वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची ओपीडी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी आहेत. केरळनं २००८मध्ये धोरण करून अशा घरभेटी ग्रामपंचायतींमार्फत सुरू केल्या. गरोदर बाईला घरून रुग्णालयात आणि परत घरी मोफत वाहन २०११पासून आहे. आदिवासी भागातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी ७५० रुपये मिळतात. प्रवास हा उपचाराचा भाग आहे हे तत्त्व सरकारनं दोनदा मान्य केलं आहे. वृद्धासाठी ते तिसऱ्यांदा मान्य करायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी नेमकी असावी. महात्मा फुले योजनेत आणि वय वंदना कार्डात रुग्णालयाबाहेरच्या औषधांसाठी आणि जाण्यायेण्यासाठी ठरावीक वार्षिक रक्कम हवी, आणि पाच लाखांचा आकडा महागाईप्रमाणे दर वर्षी वाढायला हवा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रावरून एकदम मिळाव्यात, म्हणजे आठवड्याला जीपचं भाडं पडणार नाही. खासगी पॉलिसीत दहा वर्षं सलग हप्ता भरलेल्या माणसाचा हप्ता साठीनंतर केवळ वयामुळं वाढणार नाही, असा नियम विमा नियामकानं करावा. कंपन्या त्याचा भार तरुण ग्राहकांत वाटतील, आणि ते योग्यच आहे, कारण ते तरुणही म्हातारे होणार आहेत.

आणि ठाणे जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत इथल्या लोकप्रतिनिधींनी लेखी विचारावं: कसारा, खर्डी आणि टोकावडे इथं वृद्धांची ओपीडी कोणत्या वारी भरते, गेल्या वर्षभरात ती किती वेळा भरली, आणि फिजिशियन किती वेळा हजर होता. उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं.